घर सोमवारी दाखवावे

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४.

सकाळी सहाला उठलो. पाणी आले, भरले. दाढी केली. आठ वाजता चहा घेऊन मागच्या खोलीत टेबलाशी बसलो. अकरा वाजता घर पाहायला माणसे येणार आहेत. ती येण्यापूर्वी जेवढे लिहून होईल तेवढे लिहावे असे ठरवले आहे.

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर पूर्ण, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त, राहणार याच घरात, हे माझे पहिले आणि बहुधा शेवटचे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. डोळ्यांना चष्मा आहे, कान मात्र पूर्ण शाबूत आहेत; या घरात राहून ते तसे राहिले याचे कानाच्या डॉक्टरांना नवल वाटते. मला कोणी धाक घातलेला नाही. गळ घातली आहे. ती कोणी आणि कशासाठी, हे कलम ३ मध्ये येईल. माझी पत्नी, प्राथमिक शाळेतील निवृत्त शिक्षिका, या वर्षीच्या मार्चमध्ये वारली. आमच्या घरात बोलण्याचे काम तिच्याकडे होते आणि मोजण्याचे माझ्याकडे. त्यामुळे मजकूर कुठे अडखळला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे.

कलम १. घर.

पुढे दोन खोल्या, मागे एक, स्वयंपाकघर, न्हाणीघर, वर गच्ची, समोर बारा फूट अंगण. हे घर माझ्या मागे माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. त्याला एक अट आहे, ती कलम ५ मध्ये आहे. ती वाचण्याआधी त्याने दलालाला फोन करू नये.

घर आम्ही कसे घेतले हे मुलाला अर्धवट माहीत आहे. तेव्हा तो नववीत होता आणि त्याचा प्रश्न एकच होता, सायकल कुठे लावायची. म्हणून लिहून ठेवतो.

तीन वर्षे आम्ही घरे पाहिली. सत्तावीस पाहिली. पत्नीची शाळा शनिवारीही असे आणि माझी फिरती, म्हणून रविवारी जात असू. मी टेप, पाणसळ आणि ओळंबा घेऊन जाई. पाणसळीच्या नळीतल्या बुडबुड्यावरून फरशीचा उतार कळतो. ओळंबा सोडला की भिंत सरळ आहे की वाकडी ते कळते. पत्नी पर्समध्ये एक काचेची गोटी ठेवी. "तुमच्या पाणसळीला विचारण्याआधी माझ्या गोटीला विचारू," असे म्हणून ती खोलीच्या मधोमध गोटी ठेवायची. गोटी जिकडे पळे तिकडे घर खचलेले असे. मी पाणसळ लावून खात्री करून घेई. गोटी कधी चुकली नाही.

तिने एक वही केली होती. प्रत्येक घरामागे एकदोन ओळी. काही उतरवून घेतो, म्हणजे वही हरवली तरी उपयोग राहील.

"घर चौथे. कॅलेंडर माणसाच्या गुडघ्याच्या उंचीवर टांगलंय. उचलून पाहिलं. मागे ओल, तिला हिरवी दाढी."

"घर नववे. मालक म्हणाला, भरपूर ऊन येतं. खरं आहे. छपरातून येतं."

"घर बारावे. स्वयंपाकघर इतकं लहान की भांडण झालं तर एकाला बाहेर जाऊन चिडावं लागेल."

"घर सोळावे. एकच भिंत नवी रंगवलेली. 'सहज रंगवली' म्हणे. सहज एक भिंत कोणी रंगवत नाही, तसं एका गालाला कोणी पावडर लावत नाही."

"घर एकविसावे. मालकीणबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, सोडवत नाही हो हे घर. सामान आधीच बांधून दारात ठेवलं होतं."

आणि शेवटचे: "घर सत्ताविसावे. गोटी हलली नाही. नळाला जोर. भिंती कोरड्या. इतकं शांत की मला यांच्या पोटातली गुरगुर ऐकू आली. घेऊ या."

हे सत्ताविसावे घर आम्ही चार वेळा पाहिले. एकदा पाहून भुलणाऱ्यांतले आम्ही नव्हतो. सलग चार रविवार आलो. चारही वेळा दलाल याच खोलीत हात पसरून म्हणाला, "साहेब, इथे टाचणी पडली तरी ऐकू येईल."

ताबा घेऊन आम्ही सोमवारी सामान आणले. कपाट ट्रकमधून उतरत असताना साडेनऊ वाजले आणि मागच्या भिंतीपलीकडे कोणीतरी पत्र्याचे आकाश करून ते बडवायला घेतले. पत्नी हातातल्या बादलीसकट थांबली.

"अहो, हे काय?"

मी म्हणालो, "भिंतीपलीकडे काहीतरी आहे."

मागे पत्र्याची कपाटे आणि ट्रंका करण्याचा कारखाना आहे. दार पलीकडच्या गल्लीत, म्हणून आम्हाला पाटीही दिसली नव्हती. सोमवार ते शनिवार, साडेनऊ ते सहा. रविवारी बंद.

आता माझी नोकरी काय होती ते आठवावे. तेहतीस वर्षे मी दुकानांत न सांगता जात होतो. तराजू, मापे, पेट्रोलचा पंप, सगळे अचानक तपासायचे. दुकानदाराला आधी कळवून, त्याच्या सोयीच्या दिवशी, त्यानेच दिलेला चहा पीत मी तपासणी केली असती तर खात्याने मला घरी बसवले असते. आयुष्यातले सगळ्यात मोठे माप मात्र मी विकणाऱ्याने ठरवलेल्या दिवशी आणि त्याने ठरवलेल्या वेळी तपासले. पत्नी वर्गातल्या मुलांना सांगत असे की उत्तर लिहिण्याआधी प्रश्न पूर्ण वाचा. आम्ही दोघांनी आठवड्याचा सातवा भाग वाचून उत्तर लिहिले.

तेव्हा घर घेणाऱ्यांसाठी माझा सल्ला थोडका आहे. टेप न्या, गोटी न्या, पण कामाच्या दिवशी न्या, आणि न सांगता जा. पाणी येण्याची वेळ असेल तेव्हा जा. मालकाला काही विचारू नका, तो चांगला माणूस असला तरी त्या दिवशी नसतो. शेजाऱ्याला विचारा. शेजारी पटकन "छान आहे" म्हणाला तर त्याला मालक गेलेला हवा आहे. तो थोडा थांबून बोलला तर ते ऐका.

कलम २. वस्तू.

पितळी वजनांचा संच आणि काचेची गोटी नातीला. तिने वजने खेळायला घेतली तरी हरकत नाही, पण एक किलोचे वजन तिच्या आजीने एकदा नारळ फोडायला वापरले आहे, ते प्रमाण मानू नये.

टेप, पाणसळ आणि ओळंबा मुलाला. तो वापरणार नाही, हे मला माहीत आहे. त्याच्या इमारतीत सगळे सरळ आहे असे तो समजतो. निदान एकदा स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाणसळ ठेवून बघ, एवढेच म्हणतो.

घरांची वही सुनेला. आमच्या घरात ती वही वाचून मोठ्याने हसणारी ती एकटी. पत्नीलाही तिच्यासमोर वाचून दाखवायला आवडे.

बँकेतले जे काही निघेल ते मुलगा आणि सून यांना निम्मे निम्मे. ती दोघे एकाच घरात राहतात म्हणून ते एकत्र समजू नये.

तक्रारींची फाईल. कारखान्याच्या आवाजाबद्दल मी नगरपालिकेला अडतीस अर्ज केले. सदतिसांना पोच मिळाली. एकदा प्रत्यक्ष पाहणीही झाली. पाहणीसाठी आलेल्या साहेबांना इतर दिवशी सवड नव्हती म्हणून ते रविवारी आले. अहवाल फाईलमध्ये आहे: "स्थळपाहणी केली असता कोणताही आवाज आढळून आला नाही." पत्नीने तो वाचला आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. ही फाईल रद्दीत द्यावी. देताना रद्दीवाल्याचा काटा तपासावा.

दलालास: एक टाचणी. माझ्या टेबलाच्या डाव्या खणात डबी आहे, तिच्यातली कोणतीही. ती त्यांनी कामाच्या दिवशी मागच्या खोलीत टाकावी आणि ऐकू आल्यास माझ्या मुलाला लेखी कळवावे.

कलम ३. काल काय झाले.

हे मृत्युपत्राला सोडून आहे असे वकील म्हणतील. पण कलम ५ याच्याशिवाय कळणार नाही.

पत्नी गेल्यापासून मुलाचे म्हणणे आहे की मी हे घर विकून त्याच्या इमारतीत, त्याच्या खालच्या मजल्यावर राहायला यावे. फ्लॅट त्याने पाहून ठेवला आहे. त्याचा हेतू वाईट नाही. मला एकटे ठेवल्याची त्याला लाज वाटते, आणि दर आठवड्याला इतक्या लांब यायचा कंटाळा येतो. दोन्ही खरे आहे, आणि दोन्हीला औषध एकच आहे. त्याने दलाल नेमला. योगायोग म्हणा, हा तोच दलाल आहे. केस पांढरे झाले आहेत, शब्द तेच आहेत. बावीस वर्षांपूर्वी दार नीट लागत नाही म्हटले की तो "होऊन जाईल" म्हणे. जिना अरुंद आहे म्हटले तरी "होऊन जाईल" म्हणे. पत्नीने त्याचे नावच होऊनजाईल ठेवले होते.

काल दुपारी होऊनजाईल एक जोडपे घेऊन आला. अर्थात रविवारी. त्याआधी मुलाचा फोन आला.

"बाबा, तुम्ही फक्त गप्प बसा. ते तुम्हाला जमतंच."

जोडपे तिशीतले. नवरा छापखान्यात काम करतो. बायको रुग्णालयात परिचारिका आहे, तिची कायमची रात्रपाळी. ती हे स्वतःच सांगत होती. सकाळी आठला घरी येते, नऊला झोपते, चारला उठते. आता राहतात तिथे खाली गॅरेज आहे.

"दोन वर्षं झाली काका, सलग चार तास झोप नाही. परवा औषध भरताना दुसऱ्याच पेशंटची बाटली हातात आली होती. शेजारच्या सिस्टरने पाहिलं म्हणून बरं." मग ती या खोलीत आली, खिडकीशी उभी राहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "ही माझी झोपायची खोली. हिला कोणी हात लावायचा नाही."

दलाल हात पसरून म्हणाला, "ताई, इथे टाचणी पडली तरी ऐकू येईल."

ती माझ्याकडे वळली. "काका, खरंच एवढं शांत असतं?"

मी म्हणालो, "चहा घेणार का?"

खोटे मी बोललो नाही. माझ्या नोकरीत अशा उत्तराला एक नाव आहे. माप बरोबर असते, दुकानदार फक्त अंगठा तराजूवर ठेवतो.

ती जोडी खूश होऊन गेली. दुसऱ्या दिवशी इसाराचा चेक द्यायचे ठरले. मुलाचा फोन आला. "बघा बाबा, काही अवघड होतं का?" मी हो किंवा नाही म्हणालो नाही. जेवण केले नाही. संध्याकाळी सहाच्या सुमारास दलालाने ठेवलेल्या कागदावरून त्या परिचारिका मुलीचा नंबर काढला आणि फोन केला. बावीस वर्षांत मी स्वतःहून कोणाला फोन केल्याचे आठवत नाही, ते काम पत्नीचे होते.

"उद्या चेक देण्याआधी अकरा वाजता घरी या," मी म्हणालो.

"का हो काका? काही कागद राहिला का?"

"कागद नाही. घर राहिलंय."

ती गोंधळली असावी. येते म्हणाली.

कलम ४. ट्रंकवाले.

साडेनऊ झाले आहेत. कारखाना सुरू झाला. आधी कटर, मग हातोडे. अक्षर थोडे हलेल.

कारखान्याच्या मालकांना आम्ही ट्रंकवाले म्हणतो. ते मला साहेब म्हणतात आणि पत्नीला बाई म्हणत, कारण त्यांचा धाकटा भाऊ तिच्या वर्गात होता. बावीस वर्षे आमचा त्यांच्याशी संबंध अर्जापुरता आणि एकदा उसन्या नेलेल्या शिडीपुरता होता. अर्जाची एक प्रत पत्नी त्यांना नेऊन देई. ते ती वाचत, ठेवून घेत आणि पोचेवर सही करून देत. एकदाही उलटून बोलले नाहीत. त्यामुळे मला त्यांचा जास्त राग येई.

जानेवारीपासून पत्नी या खोलीत पडून होती. पुढच्या खोलीत हलवतो म्हटले तर नको म्हणाली. मी म्हणालो, इथे आवाज आहे. ती म्हणाली, "म्हणूनच. पडून पडून किती वाजले कळत नाही. कटर लागला की साडेनऊ. थांबला की एक. शटर पडलं की सहा. घड्याळाकडे मान वळवायला नको." मग थोड्या वेळाने, "रविवार मात्र संपत नाही हो. रविवारी मला वाटतं की मी गेलेच."

त्या शनिवारी मी पलीकडच्या गल्लीत गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा कारखान्याचे दार पाहिले. ट्रंकवाले पत्र्याला कोपरा पाडत होते. मला पाहून त्यांनी हातातले काम ठेवले आणि अर्जासाठी हात पुढे केला.

मी म्हणालो, "अर्ज नाही. उद्या रविवारी थोडा वेळ वाजवाल का?"

त्यांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "साहेब, तुमचे अडतीस अर्ज आहेत माझ्याकडे. आवाज बंद करा, आवाज बंद करा. आता म्हणता रविवारीही वाजवा?"

"हो."

"लेखी द्या."

मी तिथेच, ट्रंकेच्या झाकणावर कागद ठेवून, लिहून दिले. कारण लिहिले नाही. त्यांनी वाचले, घडी केली, खिशात ठेवली. "बाईंसाठी का?" एवढेच विचारले. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ते एकटे आले, कारागिरांना सुट्टी होती. तासभर एका रिकाम्या ट्रंकेवर हातोडा मारला. पत्नी ऐकत होती. म्हणाली, "आज एकच माणूस आहे. आणि काम नाही करत आहे, नुसता वाजवतोय." तिला सगळे कळत असे. असे सात रविवार झाले. आठवा आला नाही.

माझ्या तक्रारी खोट्या नव्हत्या. आवाज होताच आणि आहे. या खोलीत दिवसा झोपणे शक्य नाही, आणि ज्याला झोप हवी त्याने हे घर घेऊ नये. मी एवढेच नोंदवतो की मला हे घर

दारावरची घंटा वाजली. थांबतो.

पाऊण वाजला. पुढे लिहितो. वाक्य राहिले आहे ते तसेच राहू द्यावे.

दोघे आले तेव्हा कटर चालू होता. मुलगी रात्रपाळी करून तशीच आली होती, डोळ्यांखाली काळे. दारातच थांबली.

"काका, हा कसला आवाज?"

"हाच दाखवायचा होता. आत या."

मी तिला मागच्या खोलीत नेले. खाट रिकामीच असते, तिच्यावर चादर घातली होती. म्हणालो, एक तास पडून राहा, रोज पडता तशा. तिचा नवरा माझ्याकडे बघत राहिला. ती मात्र खरोखरच आडवी झाली आणि डोळे मिटले. दमली होती. आम्ही दोघे स्वयंपाकघरात बसलो.

तेवढ्यात दलाल आला. त्याला मुलाने पाठवले असावे, कारण सकाळी मी मुलाचे तीन फोन घेतले नव्हते. त्याने परिस्थिती पाहिली, माझ्याशी एक शब्द न बोलता मागे फिरला आणि गल्लीला वळसा घालून गेला. पाच मिनिटांनी ट्रंकवाले आमच्या दारात उभे. हाताला काळे तेल. मागे होऊनजाईल.

"साहेब, हे म्हणतात तासभर मशीन बंद ठेव. पाहुणे आहेत म्हणे. बंद करू?"

दलाल म्हणाला, "साहेब, तासाचा तर प्रश्न. पुढचं पुढे. त्यांची सवय होऊन जाईल."

मुलीचा नवरा माझ्याकडे पाहत होता. काही न बोलता नुसती मान हलवली असती तरी कारखाना थांबला असता, आणि मी पुन्हा काही बोललो नसतो. गप्प बसायला मला कोणाचीही मदत लागत नाही.

मी म्हणालो, "नाही. चालू ठेवा. रोज चालतो तसाच."

"आणि हातोडे?"

"तेही. शनिवारची मोठी कपाटं आहेत ना, ती आजच घ्या."

ट्रंकवाले गेले. हातोडे सुरू झाले. दलाल म्हणाला, "साहेब, तुमचं वय झालंय." मी म्हणालो, "तुमचंही झालंय. पण तुमचं वाक्य अजून तरुण आहे." तो चपला घालून निघाला. पत्नीला हे सांगता आले असते तर तिने विश्वास ठेवला नसता.

मुलगी तासभर पडली नाही. वीस मिनिटांनी उठून स्वयंपाकघरात आली. नवऱ्याने विचारले, "लागली का?"

"नाही." मग मला म्हणाली, "काका, काल मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"तुम्ही चहा विचारलात."

"हो."

तिने पर्स उघडली, इसाराचा चेक बाहेर काढला, पाहिला, पुन्हा आत ठेवला. "आम्ही गॅरेजवाल्या घरमालकाला काल रात्री फोन करून सांगितलं, सोडतोय म्हणून." तिचा एक दिवस फुकट गेला नाही असे मी म्हणू शकत नाही. तो माझ्यामुळे गेला. मी त्यांना वहीतले सोळावे घर सांगितले, ज्याची एकच भिंत रंगवलेली होती. तिथे आता वेगळे लोक आहेत, ओल दुरुस्त झाली आहे, घर विक्रीला आहे, मागे फक्त चिंचेचे झाड आणि बंद पडलेले गोदाम आहे. "बुधवारी जा," मी म्हणालो, "सांगून जाऊ नका. आणि ती भिंत हाताने दाबून पाहा." नवऱ्याने पत्ता लिहून घेतला. दोघे अजून पुढच्या खोलीत चहा घेत बसले आहेत.

कलम ५. अट.

माझा मुलगा हे घर केव्हाही विकू शकतो. मात्र घेणाऱ्याने विक्रीआधी सोमवार ते शनिवार यांपैकी एका दिवशी, दहा ते पाचच्या दरम्यान, कारखाना चालू असताना, मागच्या खोलीत सलग एक तास बसलेले किंवा पडलेले असावे आणि तसे स्वतःच्या अक्षरात लिहून दिलेले असावे. हा कागद खरेदीखताला जोडावा. अट मोडून विक्री करायची झाल्यास घर पत्नीच्या शाळेला जावे. तिथली मुले इथे आली तर कारखानाच आवाजाची तक्रार करील.

वकिलांना मी गेल्या आठवड्यात विचारले होते. ते म्हणाले, "कायद्यात बसत नाही असं नाही. पण अजून कोणी बसवलेलं नाही." म्हणजे बसते.

कोणी म्हणेल की बाबांनी हे मोठ्या मनाने केले. तसे समजू नये. आज सकाळी या घराचे खरे माप दाखवावे असे मला वाटले, हे खरे. त्यांनी ते पाहून नको म्हणावे, असेही मला वाटत होते. दोन्हींपैकी जड कोणते ते मला ठरवता आलेले नाही, आणि मी त्यासाठीच पगार घेत होतो.

आता मुलासाठी. तुझा चौथा फोन मी घेतला. तू म्हणालास, "बाबा, गप्प बसायचं होतं ना तुम्ही?"

मी म्हणालो, "बसलो होतो. काल."

"मग आज काय झालं?"

"आज सोमवार आहे."

तू म्हणालास, "राहा मग तिथेच," आणि फोन ठेवलास. राहतो. खालच्या मजल्यावरचा फ्लॅट तू सोडून दे. तुला वाईट वाटले याचे मला वाईट वाटते, पण त्या मुलीच्या हातातली बाटली मला तुझ्या वाईट वाटण्यापेक्षा जवळची वाटली. रविवारी येणे तुला जमत नसेल तर कामाच्या दिवशी ये. सुट्टी काढून ये. तुझ्या आईचा आवाज तुला लहानपणी जसा ऐकू येत होता, या सगळ्याच्या वर, तसे आपण दोघे थोडे ओरडून बोलू.

सुनेने दुपारी मोबाईलवर लिहून पाठवले: "बाबा, बरं केलंत. यांना सांगू नका मी असं म्हटलं." मी सांगितलेले नाही. हे वाचले जाईल तेव्हा त्या दोघांना भांडायला दुसरे विषय मिळालेले असतील.

कलम ६. साक्षीदार.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये असा नियम आहे. ट्रंकवाल्यांकडे आमची लोखंडी शिडी गेली सहा वर्षे आहे. ती मी त्यांना आज, सहीआधी, तोंडी देऊन टाकली, त्यामुळे ती माझ्या मालमत्तेत नाही. ते म्हणाले, "साहेब, ती मला वाटलं माझीच आहे." तेव्हा व्यवहार पूर्ण झाला.

दुसरी साक्षीदार ती परिचारिका. मी विचारले तेव्हा वाटले होते नाही म्हणेल. म्हणाली, "करते. पण आधी हात द्या." माझी नाडी पाहिली, डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, आज तारीख काय आणि दोन अधिक सात किती असे विचारले. मग म्हणाली, "शुद्धीत आहेत. थोडे हट्टी आहेत, पण ते लिहायची जागा नाही इथे." तिच्या नवऱ्याने पेन दिले.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, वाचून पाहिले, आणि दोन साक्षीदारांसमोर, त्यांनी माझ्यासमोर, सह्या केल्या. सह्या करताना हातोडे चालू होते, म्हणून ट्रंकवाल्यांची सही सोडून इतर दोन सह्या थोड्या हललेल्या दिसतील. त्यांची सरळ आहे.

लिहून देणार: (सही) निवृत्त निरीक्षक, वजनमापे खाते

साक्षीदार १: (सही) पत्र्याच्या कारखान्याचे मालक, मागच्या भिंतीपलीकडचे

साक्षीदार २: (सही) परिचारिका, रात्रपाळी

ठिकाण: या घराची मागची खोली
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४, सोमवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटे

सह्यांच्या खाली काही लिहू नये असे वकिलांनी बजावले होते. म्हणून हे वेगळ्या कागदावर, मृत्युपत्राचा भाग नाही.

ते गेल्यावर खाटेवरची चादर झटकून घडी केली. फाटकावर दलालाने "घर विकणे आहे" अशी पाटी लावली होती. स्टूल आणि हातोडी घेऊन बाहेर गेलो. चार खिळे होते. तीन सरळ निघाले. चौथा वाकला. पाटी भिंतीला टेकवून ठेवली, पायरीवर बसलो, खिळा फरशीवर धरला आणि हातोडीने ठोकून सरळ केला.